बारदानासकट तेवीस

उदगीरच्या लक्ष्मम्मा आत्या रिक्षातून उतरल्या त्या चार पिशव्या घेऊन, आणि पाचवी रिक्षावाल्याच्या हातात देऊन. ते बघूनच मल्लेशनं ओळखलं, की स्वप्नालीच्या बॅगांत आता स्वप्नालीच्या कपड्यांना जागा मिळणं अवघड आहे.

रविवार होता. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सौदा बंद, हमाल आपापल्या गावी गेलेले, आडतींच्या सगळ्या ओळीत स्वप्नालीच्या वडिलांचं, महादेवप्पांचं, एक शटर तेवढं वर. घरी काटा नव्हता, आणि काट्याशिवाय या घराण्यात कुणाचा कशावर भरवसा बसत नाही. म्हणून जर्मनीला निघालेल्या पोरीच्या दोन्ही बॅगा टेम्पोत घालून आडतीवर आणल्या होत्या. उद्या सकाळी गाडी हैदराबादला निघायची, रात्री विमान. विमानवाल्यांनी एका बॅगेला तेवीस किलो दिले होते. दोन बॅगांचे शेहेचाळीस. त्या शेहेचाळिसांवरून सकाळपासून जी वाटणी चालली होती, तशी या घरात जमिनीचीसुद्धा झाली नव्हती. जमीन निदान नागप्पा आणि महादेवप्पा या दोन भावांतच वाटायची होती. इथं उदगीरची बहीण होती, शेजारीण होती, तिकडं कुणीतरी ओळखीचं राहतं म्हणून लोणच्याची बरणी पाठवणारे गल्लीतले मास्तर होते. पोरीच्या आईनं, शिवगंगाकाकूनं, सकाळी अठरा किलोंपासून सुरुवात केली होती. दुपारपर्यंत ती अकरावर आली होती, आणि अजून आत्यांच्या पिशव्या उघडायच्या होत्या.

स्वप्नालीनं यातून अंग काढून घेतलं होतं. "बॅगा तुमच्या, कागदं माझी," असा तह करून ती गादीवर फाईल पसरून बसली होती आणि चुलतभावाला, मल्लेशला, तिनं शेजारी बसवून घेतलं होतं.

"दादा, सांगितलंस?" तिनं फाईलमध्ये डोकं घालून हळूच विचारलं.

"न्हाई."

"बावीस दिवस झाले पत्र येऊन."

"मला मोजता येतं, सोना."

"मग बोलता कामून येत न्हाई?"

पत्र मल्लेशच्या, जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या प्राध्यापकांचं होतं. तीन वर्षांपूर्वी अर्ध्यावर टाकलेला प्रबंध मार्चअखेर नोंदवला तर पुरा करून पदवी घेता येईल. नाही नोंदवला तर नाव कायमचं कटेल. व्हिसाला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे अर्ज आत्ताच करायला हवा होता. आणि अर्जाच्या आधी अप्पांना सांगायला हवं होतं. अप्पा, म्हणजे त्याचे वडील नागप्पा, धर्माबादचे मिरचीचे व्यापारी, याच वेळी आडतीच्या दारात खुर्ची टाकून रिकाम्या मोंढ्याकडं बघत बसले होते. बाजार बंद असला की ते असे बसायचे, सासरी निघालेल्या मुलीच्या बापासारखे.

"लिही गं पोरी," आत्यांनी पिशवीतून डबा काढता काढता हुकूम सोडला. "पैली गोष्ट. इष्टलिंग गळ्यातनं काढायचं न्हाई. विमानतळावरची ती पोलिसीण म्हणती, काढून ट्रेमधे ठेवा. म्या म्हणलं, बाई, मेल्याबिगर निघत न्हाई ते. तुला बघायचं तर माझ्यासकट बघ."

"मग?" महादेवप्पांनी विचारलं. हा किस्सा त्यांनी निदान नऊ वेळा ऐकला होता. पण अक्काला मध्ये एक 'मग' लागतो, हे धाकट्या भावाला सांगावं लागत नाही.

"मग काय! बघितलं माझ्यासकट."

आत्यांनी अमेरिकेत सहा महिने काढले होते. त्यातले पाच महिने आणि पंचवीस दिवस सुनेच्या बाळंतपणात, चूल ते पाळणा एवढ्या अंतरात; उरलेले पाच दिवस एका दुकानात आणि एका देवळात. पण प्रवासाचा हिशेब दिवसांवर होत नाही, सांगण्यावर होतो, आणि त्या हिशेबानं उदगीरमध्ये आत्यांएवढी हिंडलेली बाई दुसरी नव्हती. मल्लेश तीन वर्षं राहून आला होता. त्यालाही विचारायचे, पण आत्यांचं संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत उरलेला भात आग्रहानं वाढावा तसं.

"रांगेत उभं राहायच्या आधीच सांगून टाक," मल्लेश स्वप्नालीला म्हणाला. "धर्माचं हाय म्हणायचं. बाजूला घेऊन बाईमाणूस तपासतं. चांदीच्या डबीमुळं मशीन वाजणारच, घाबरायचं न्हाई. पाच मिनिटं जादा धरून चालायचं."

"मी तेच म्हणलं की," आत्या म्हणाल्या.

"ही फाईल हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत एक कागद टाकू नको. बॅग हरवली तर सदरा विकत मिळतो, पदवीचा कागद मिळत न्हाई. गेल्या गेल्या चौदा दिवसांच्या आत राहायचा पत्ता कचेरीत नोंदवायचा. त्याच्याबिगर तिथं माणूस हाय म्हणूनच धरत न्हाईत. आणि शनिवारी संध्याकाळी दूध, पाव, भाजी आणून ठेवायची. रविवारी सगळं गाव बंद."

"आपल्या मोंढ्यागत?" महादेवप्पा म्हणाले.

"मोंढा तरी बरा, काका. इथं चहावाला तरी भेटतो. मी पैल्या रविवारी बिस्किटाच्या एका पुड्यावर काढला दिवस. पाऊस होता. दोन तास नुसता नदीच्या काठानं चाललो, कुठंतरी दुकान दिसंल म्हणून. बदकं दिसली."

"उपाशी पोटी बदकं बघत हिंडला माझा भाचा!" आत्या कळवळल्या आणि त्या कळवळ्यात त्यांनी बॅगेत चटणीचा आणखी एक पुडा सरकवला.

"आणि फोडणी," मल्लेश सांगत राहिला. आता त्याचा आवाज थोडा मोकळा झाला होता. "छताला एक गोल डबी असती. धूर लागला की बोंबलती. मी आपल्या धर्माबादच्या मिरचीची फोडणी दिली पैल्या हप्त्यात. अख्खी इमारत खाली रस्त्यावर! वरच्या मजल्यावरची लेमानबाई, ऐंशीची म्हातारी, झग्यावर कोट घालून थंडीत उभी. मला वाटलं, आता खोलीतनं काढतेत. दुसऱ्या दिवशी दार वाजवलं तिनं. म्हणाली, तो वास कसला होता? पुन्हा करशील तवा मला सांग, मी खिडकी उघडून बसते."

सगळे हसले. शिवगंगाकाकूसुद्धा, जी सकाळपासून हसली नव्हती. नागप्पांनी मात्र दारातली खुर्ची आणखी मोंढ्याकडं वळवली.

"हाय का अजून ती?" स्वप्नालीनं विचारलं.

"काय मालूम." मल्लेशनं फाईलचं बटण उगाच उघडलं, लावलं. "माग्डेबुर्गला गेलीस तर तू बघ की जाऊन. दुसऱ्या मजल्यावर घंटी हाय तिच्या नावाची."

घंटीचा रंगसुद्धा त्याला आठवत होता. पितळी, मधोमध झिजलेली. धर्माबादला मिरचीच्या ढिगापुढं बसला, की तो रोज सकाळी आधी फोनवर माग्डेबुर्गचं हवामान बघायचा. आज चार अंश. वारा. दुपारनंतर पाऊस. त्या पावसाशी आता त्याचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. तरी दिवसभर छत्री विसरल्यासारखं वाटत राहायचं. घरात तो परत आल्याचं एकच कारण चालत आलं होतं: पोराला थंडी मानवली नाही. आई गेल्याचं कळून तो आला, तो एक दिवस उशिरा. आई मातीआड झालेली होती. दोन आठवड्यांसाठी आलेला पोरगा मिरचीचा हंगाम होईस्तोवर थांबला, आणि त्यानंतर हंगाम काही संपलाच नाही. अप्पा कधी 'राहा' म्हणाले नाहीत. त्यानंही कधी 'जातो' म्हटलं नाही. लोकांना सांगायला थंडी सोपी पडायची.

"चला, काटा लावा," नागप्पा उठले.

वजन करायचा मान थोरल्याचा. आडत महादेवप्पांची असली तरी नागप्पा समोर असताना आकडा त्यांनीच बोलायचा, ही रीत वडिलांपासूनची. महादेवप्पांनी पहिली बॅग काट्यावर चढवली.

"साडेसत्तावीस," नागप्पा म्हणाले. "रिकामी किती होती?"

"साडेचार, दादा. सकाळीच करून ठेवलं."

"बारदान वजा साडेचार. तेवीस. उतरव."

दुसरी चढली. तीही साडेसत्तावीस. तीही जुळी बहीण, साडेचारचीच. "बारदान वजा. तेवीस," नागप्पांनी निकाल दिला. "एक ग्रॅम इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

आत्यांनी टाळी वाजवली. महादेवप्पांनी भावाकडं अभिमानानं बघितलं. पन्नास वर्षं पोत्यांतला माल तोलणाऱ्या माणसांना यात काही चुकलं असं वाटण्याचं कारणच नव्हतं. वजन मालाचं करायचं असतं. पोतं वजा करायचं असतं. जो करत नाही तो लुच्चा. आणि विमानवाले लुच्चे असतील, असं आडतीत बसून कुणाला वाटेल? आत्या विमानात बसून आल्या होत्या खऱ्या, पण तिकिटाच्या खिडकीपाशी सगळं त्यांच्या लेकानं बघितलं होतं. त्या तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साड्या बघत होत्या.

स्वप्नालीचं लक्ष फाईलीत होतं. मल्लेशचं मात्र काट्यावर होतं.

नऊ किलो जास्त. उद्या रात्री पोरगी एकटी त्या खिडकीपुढं उभी राहणार, मागं रांग, आणि जमिनीवर बॅग उघडून आईच्या हातचं काय टाकायचं ते दोन मिनिटांत ठरवणार. त्याला हे ठाऊक होतं, कारण त्यानं ते ठरवलेलं होतं. आणि हे आत्ता बोलायचं, तर तेही बोलावं लागणार होतं.

तो शेंगांच्या पोत्याची सुतळी घट्ट करायला लागला.

"झालं बाई सगळं नीट," आत्या बॅगेची चेन ओढत म्हणाल्या. "आता एकच. गेलीस तर पुरी करून ये. मधीच थंडी वाजली म्हणून पळून येऊ नको, आमच्या एकागत. तिकडं पदवी न्हाई, हिकडं मिरचीत मन न्हाई. ना घरचा ना..."

"अक्का," पुन्हा दारातल्या खुर्चीत बसलेले नागप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले.

"मी काय खोटं बोलले? कुणीतरी बोलावं लागतंय!"

"काकू, बॅगा उघडा," मल्लेश म्हणाला.

"आं?"

"नऊ किलो जास्त हाय. तिथं बारदान वजा करत न्हाईत. बॅगेसकट तेवीस."

सगळे एकदम बोलले. महादेवप्पा म्हणाले, असं कसं, ही काय रीत झाली. आत्या म्हणाल्या, माझ्या वेळी न्हवतं बाई असलं. शिवगंगाकाकू मात्र जमिनीवर बसली आणि तिनं चेन उघडली. स्वप्नालीनं काट्याकडं बघितलं, बॅगांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून तिनं बॅगा मोठ्यांच्या हवाली केल्या होत्या.

"तुला कुणी सांगितलं?" नागप्पांनी विचारलं. आवाज शांत होता. बाजारात भाव पाडायला आलेल्या माणसाशी ते याच आवाजात बोलायचे. "पन्नास वर्षं काटा धरला मी. तुझी बॅग मीच केली होती. धर्माबादच्या काट्यावर, बारदान वजा करून. तवा कसं बरोबर भरलं?"

"न्हवतं भरलं, अप्पा."

"तू फोनवर म्हणलास. मी काचेच्या बाहेर उभा होतो. तू आतनं म्हणलास, बरोबर भरलं."

"पाच किलो वर होतं." मल्लेश उभा राहिला होता, कधी ते त्याला कळलं नाही. "ती बाई म्हणाली, काढा न्हाईतर पैसे भरा. पैसे न्हवते एवढे. मागं रांग. बॅग उघडली खालीच बसून. कुकर काढला असता तर खाल्लं काय असतं? पुस्तकं काढली असती तर गेलो कशाला असतो? मग..."

"मग काय काढलास?"

मल्लेशनं काकूकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं. अप्पांकडं बघून हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"आईच्या कडक भाकऱ्या. आणि शेंगाचटणी."

शिवगंगाकाकूचा हात बॅगेत होता तिथंच राहिला. त्या भाकऱ्या थापायला ती स्वतः धर्माबादला आठ दिवस जाऊन राहिली होती. दोघी जावांनी मिळून चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवल्या होत्या, कागदासारख्या, चाळीस.

"बाहेर आणून द्यायच्या की रं मला," नागप्पा म्हणाले.

"तुम्ही ड्रायव्हरला सांगून राहिला होता, अप्पा. काचेतनं दिसत होतं. आमचा काटा बघ म्हणून. मला कसं... झाडणारी एक तेलुगू बाई होती. तिला दिल्या. ती म्हणाली, लेकरांना नेते."

"आन् ती वर्षभर विचारायची," नागप्पा हळू म्हणाले. "दर ऐतवारी. फोन माझ्या हातातनं ओढून घ्यायची. भाकरी पुरली का रं."

"हाव."

"तू म्हणायचास, पुरवून खाऊन राहिलो. अर्धी अर्धी."

"हाव."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. बोलायला त्यांच्याकडं पुष्कळ होतं, पण आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांनी ते शिल्लक ठेवलं.

मल्लेशला वाटलं, आता बाहेर जावं, मोंढ्याला एक चक्कर मारावी. पण स्वप्नाली गादीवरून त्याच्याकडं टक लावून बघत होती, आणि एक गोष्ट बाहेर पडल्यावर घशात जागा झाली होती.

"अजून एक हाय, अप्पा. मला परत जायचंय. प्राध्यापकांचं पत्र आलंय, बावीस दिवस झाले. मार्चच्या आत गेलो तर पुरं होतंय. न्हाई गेलो तर कधीच न्हाई. थंडीचं काय न्हवतं कधी. मला ते गाव लई आठवतंय."

"आणि दुकान?" आत्यांची शिल्लक तेवढ्यात संपली. "या वयात नागप्पा पोत्यामागं पळंल? महादेवप्पा, तू सांग की!"

महादेवप्पांनी आयुष्यात थोरल्या भावाविरुद्ध आणि अक्काविरुद्ध कधी तोंड उघडलं नव्हतं. आता दोघं दोन बाजूंना जाण्याचा संभव दिसताच ते कुलपाची किल्ली शोधू लागले. बोलली ती शिवगंगाकाकू. बॅगेतून काढलेली आपलीच गोधडी मांडीवर घेऊन ती म्हणाली, "जाऊ द्या भावजी त्याला. माझी पोरगी उद्या जातीय, म्हणून म्हणती. ठिवून घेतल्यानं काय जवळ राहत न्हाईत लेकरं."

नागप्पांनी भावजयीकडं बघितलं नाही. ते काट्यापाशी गेले. रिकाम्या काट्यावर शून्य दिसत होतं, तेच त्यांनी बराच वेळ वाचलं.

"किती महिने?"

"सहा. फार तर सात."

"सहा का सात?"

"सात."

"मग सातच म्हण. आधी कमी सांगून मागून वाढवणारा गिऱ्हाईक म्हणून चालतोय. पोरगा म्हणून न्हाई." ते आत्यांकडं वळले. "अक्का, हा न्हवता तवा दुकान कोण बघत होतं? तुझ्या अमेरिकेतनं कुणी येत होतं का?"

"मी आपली काळजीनं..."

"काळजी कर की. पर चटणीचे दोन पुडे काढ त्याच्यातनं. नऊ किलो कमी करायचे हायेत."

बॅगा पुन्हा उपसायला सुरुवात झाली. मास्तरांचं लोणचं पहिलं गेलं, त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग आत्यांचे पुडे, एकेक, प्रत्येकाला वेगळी कुरकुर. काकू आपलं आपण काढत होती, कुणी सांगायच्या आधी; आणि स्वप्नाली तेवढंच परत आत ठेवत होती, स्वतःचे कपडे बाहेर टाकून. "आगं थंडीत घालशील काय?" "तिथं मिळतंय, आई. दादा म्हणला की, सदरा विकत मिळतो." दोघींचं हे बराच वेळ चाललं. बॅगेचं वजन हलेना.

नागप्पा गादीच्या कडेला बसले, गुडघ्यावर हात दाबत, सावकाश. मल्लेश उभाच होता.

"बस," ते म्हणाले.

तो बसला. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"मला सगळ्यांनी विचारलं," नागप्पा समोर बघत म्हणाले, "पोरगं कुठं राहत होतं, कसलं गाव हाय. धर्माबादचे व्यापारी विचारायचे. मी म्हणायचो, चांगलं गाव हाय. मला काय मालूम. मी तुला कधी विचारलंच न्हाई. वाटायचं, विचारलं की बोलशील. बोललास की आठवंल. आठवलं की जाशील."

आठवायला मल्लेशला कुणी विचारावं लागत नव्हतं, हे सांगण्यात आता काही अर्थ नव्हता.

"तुझ्या खोलीतनं काय दिसायचं रं?"

तीन वर्षं मल्लेश हेच घेऊन बसला होता, आणि ते कुणाला सांगायचं म्हणून कधी लावून ठेवलं नव्हतं.

"ट्रामचे रूळ, अप्पा," तो म्हणाला. "वळणावर गाडी आली की किंचाळायची. पैल्या महिन्यात झोप आली न्हाई. मग रुळांच्या पलीकडं एक पावाची भट्टी. पाचला दिवा लागायचा तिथं. मालक म्हातारा, पांढरा सदरा, तुमच्याएवढाच उंच. हिवाळ्यात सगळं गाव अंधारात आणि तो एकटा दिवा, खाली बर्फावर पिवळा पडलेला..."

काट्यापाशी आत्या आणि काकू एका पुड्यावरून पुन्हा भांडू लागल्या होत्या. नागप्पांनी डोळे मिटले. फोनवर दुसऱ्या मोंढ्याचे भाव ऐकताना ते असेच मिटायचे, एकही आकडा निसटू नये म्हणून.

"मग?" ते म्हणाले. "दिवा लागल्यावर?"